नोहाचं तारू, मनूची होडी

क्लिफर्ड : आत्या, मिथक म्हणजे खोटं नव्हे. किती वेळा सांगू?

मर्सी : मग काल सभेत तसं का बोललात, फादर? आपल्या चर्चच्या ज्युलीने मोबाईलवर दाखवलं मला. तिकडं एव्हरशाईन वसाहतीच्या हॉलात, माईक धरून! नोहाचं तारू म्हने मिथक. मनूच्या होडीसारखंच.

क्लिफर्ड : फादर काय म्हणतेस? भाचा आहे मी तुझा. हिंदू-ख्रिस्ती संवादाची सभा होती. जलप्रलयाची कथा दोघांकडेही आहे, तिच्यात खोल अर्थ आहे, ती इतिहास म्हणून वाचायची नसते, एवढंच म्हणालो.

मर्सी : कधीपासनं नसते?

क्लिफर्ड : सेमिनरीत, फादर व्हायच्या शिक्षणात, पहिल्याच वर्षी शिकवतात.

मर्सी : म्हंजे तुला अठरा वर्षं म्हाईत! नि मी इथं उमेळ्यात दर रविवारी धर्मशिक्षणाच्या पोरांना शिकवतेय, तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद. सुट्टीत आलास की मागे उभा राहून ऐकायचास. हसायचास का रे मनात?

क्लिफर्ड : नाही गं. वाटलं, तुझी श्रद्धा डळमळेल.

मर्सी : माजी श्रद्धा काय काचेची बरनी? येडी ठेवलीत मला तुमी सगल्यांनी. बाजूच्या बेलाची तेजस्वी आठवते?

क्लिफर्ड : हिंदू असून पोरांबरोबर तुझ्या वर्गाला येऊन बसायची ती?

मर्सी : तीच. सात वर्षांची. हात वर करून म्हनाली, बाई, आमच्या मनूची होडी मासा ओढतो. मी सगल्यांसमोर तिला म्हटलं, तुमचं रचलेलं, आमचं घडलेलं, खोटं सांगू नकोस. पोर रडत घरी गेली. बारा वर्षं झाली, बेला माज्या दारात आली नाय. नि तुला तेव्हा सहा वर्षं म्हाईत होतं.

क्लिफर्ड : चुकलं माझं. पण येशूचं तसं नाही, आत्या. त्याचा क्रूस, त्याचं पुनरुत्थान, ते घडलंय.

मर्सी : ते मी मानतेच. पन आता तुज्या तोंडून ऐकलं की भीती वाटते, उद्या ते पन मिथक म्हनशील.

क्लिफर्ड : बेलाकाकी आल्या होत्या काल.

मर्सी : हसली असंल. हक्कच हाय तिचा.

क्लिफर्ड : नाही. सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, हे मर्सीला आधी कोणी सांगितलंय का? नाहीतर तिला फार लागेल.



मर्सी : तिला कळलं. तुला नाय कळलं.

क्लिफर्ड : आत्या... चल ना. चर्चमध्ये मिस्साची घंटा झाली.

मर्सी : तुमी व्हा पुढं, फादर. मी आधी बेलाकडे जाऊन येते.