कपाखालचा शिक्का

तुम्ही हसाल, पण माझी हेडक्लार्कीची बढती एका कपाखालच्या शिक्क्यापायी हुकायची होती.

कल्याण स्टेशनातल्या आमच्या दोन्ही साहेबांना मी घरी चहाला बोलावलं. त्यांच्यासाठी मुंबईहून विलायती कपबशा आणल्या. दोघंही विलायतेतल्या कपबशांच्या मुलखातले. तिथं सहा गावं एकमेकांना चिकटून आहेत आणि साऱ्यांचा धंदा कपबशा घडवायचा. कप हातात आला की उलटा करून कुठला माल ते बघायचं, ही तिथली खोड.

मोठ्या साहेबानं तेच केलं, तेही कप भरलेला असताना. सगळा चहा विजारीवर.

"हा हॅनलीचा माल," तो म्हणाला. "मी बर्स्लमचा. यातून मी चहा घेणार नाही."

"घ्यायला राहिलाय कुठे," धाकटा साहेब म्हणाला. तो हॅनलीचा.

दोघांची जुंपली. मी घाबरत विचारलं, "साहेब, दोन गावांत अंतर किती?"

"दोन मैल."

"मग सहाही गावांचं एकच शहर करून टाका ना."

दोघं एकदम माझ्यावर उलटले. मोठा म्हणाला, "उद्या कल्याण आणि डोंबिवली एक केली तर चालेल तुला?"

"चालेल की. फक्त नाव कल्याणच राहिलं पाहिजे."

मोठ्यानं माझा हात धरला आणि धाकट्याला म्हणाला, "बघ, याला कळतं. नाव बर्स्लम."

मला बढती मिळाली. साहेबांना घरी चहा पाजला म्हणून आळीनं मला वाळीत टाकलं असतं तर समजलं असतं. टाकलं धाकट्या साहेबानं. अजून तो माझ्या घरचं पाणी पीत नाही.