चाळीस कौलांचा गुन्हा

...आणि वर लोकं आमास्नीच इचारत्यात, "हॉल कुणाचा?" आता डोसकं फोडून घ्यायचं काय, सांगा की! थांबा पावणं, तुमास्नी पयल्यापास्नं सांगतो. आमच्या गावात एक बराक हाय. म्हायुद्धाच्या टायमाला परदेशातनं जीव घिऊन पळून आलेल्या लोकांसाठी उठवलेली. ती माणसं गेली, बराक ऱ्हायली, गावानं तिचा हॉल केला. बारसं हितंच, मतदान हितंच, आणि आमच्या शेजारचे कल्लाप्पाण्णा, त्येंचं लगीनबी हितंच! पंचेचाळीस वर्सं झाली, तरी त्येंच्या अक्काताई वैनी खांब दावत्यात, "ह्या खांबापाशी ह्यांनी माझ्या पायावर पाय दिलता!"

तर त्येंची नात प्राची, तिचं लगीन ठरलं. वैनी म्हणाल्या, "अक्षता हितंच पडणार." वर बघितलं तर कौलातनं आभाळ! अण्णा म्हंजे सरळ माणूस. म्हणाले, "महालिंग, रीतसर इचारून दुरुस्ती करू." हितंच चुकलं की वो!

ग्रामपंचायतीत गेलतो. ग्रामसेवक चष्म्यावरनं बघत, "अण्णा, आमच्या दप्तरात हे नाहीच! तालुक्याला जा." तालुक्याला गेलतो. तितला साहेब नाकातनं, "युद्धकालीन बाब आहे... जिल्ह्याला, शाहूपुरीच्या ऑफिसला विचारा." शाहूपुरीत गेलतो. मॅडम डबा झाकत, "काका, जिनं बांधली ती राजवटच गेली!" घ्या! हॉल कुणाचा? कुणाचाच न्हाय! अख्खी बराक ऐंशी वर्सं हुबी, आन् कागदावर नुसतं वारं व्हय?

चार म्हैने हेलपाटे! गाडी माझी, कंबर माझी, मागं अण्णा फायल छातीशी धरून, जणू तान्हं पोरच. आणि दर खेपंला त्योच जबाब, हॉल कुणाचा? कुणाचाच न्हाय!

लगीन आठ दिवसांवर आलं. सत्तरीचा माणूस, जल्मात कधी रांग मोडली न्हाय, त्येनं फायल ठिवली, धोतर खोचलं आणि शिडी लावली. "कुणाचाच न्हाय न्हवं? मग माझा!" चाळीस कौलं बदलली, पावणं, एकट्यानं! मी खाली शिडी धरून, वैनी खालनं वरडत्यात, "आवो उतरा! नातीच्या लग्नाआधी माझं कुकू पुसताय काय!" अण्णा वर हसत हुते. तसं हसताना मी त्यास्नी कधी बघितलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक हजर. "शासकीय इमारतीत विनापरवाना फेरफार!" दुपारी तालुक्याचा साहेब, "ही आमची मालमत्ता!" सांजच्याला शाहूपुरीच्या मॅडम जीपमधनं, "काका, ऐतिहासिक वास्तू आहे ही! आमच्या ताब्यातली!" आता बोला! गळत हुता तवा कुणाचाच न्हाय, गळायचा थांबला तर तीन मालक! तिघं आपसात भांडली, कुणीच मागं सरंना, म्हणून तिघांनीबी आपापलं कुलूप घातलं आणि गेली.

लगीन भाईर अंगणात, कापडी मांडवात लागलं. अक्षतांच्या आधी वैनींनी प्राचीला खिडकीशी नेलं, गजातनं बोट घालून खांब दावला. पोरगी रडली, वैनी रडल्या, अण्णा नुसतं मांडवाची दोरी ताणत बसले.

परवा पत्र आलं. तिन्ही हापिसांच्या सह्या, एकाच कागदावर! म्हणलं, अक्कल आली वाटतं. वाचलं तर, कुलपं गंजू नयेत म्हणून दर म्हैन्याला तेल घालायची जबाबदारी 'जागरूक ग्रामस्थ' श्री. कल्लाप्पा यांची! मी तर फाडायलाच निघालतो. अण्णांनी कागद हातातनं घेतला, घडी घातली, फायलीत ठिवला आणि म्हणाले, "महालिंग... तेल कंचं घालायचं, ते एकदा इचारून यायचं काय?"

काढली की गाडी! काय करतासा?