पेमा नाईक तांडा : मयत

भिवाजी : घ्या गुरुजी, चौथं कार्डबी परत. थैली उघडली तर वरच बसून होतं.

अमृतराव : शेरा तोच?

भिवाजी : तोच. लाल शाईनं, ‘मयत’.

रूपा : म्हंजे मी चार वेळा मेले. आन् नांदेडच्या नर्सिंगच्या शाळेची दोन पत्रं धरली तर सहा वेळा.

अमृतराव : थट्टा नको गं.

रूपा : मग काय करू? जमनामावशी सांगून गेली, शाळा सोमवारी तिसरं बोलावणं टाकणार. तेबी माघारी गेलं तर जागा दुसरीला. मावशी तिथंच दवाखान्यात कामाला, पण तिच्या हातात देत न्हाईत. टपालानंच येणार म्हणत्यात. आज शनिवार हाये गुरुजी.

अमृतराव : थांब. क्रमानं पाहू. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत आपली टपालाची थैली जुन्या सब-ऑफिसातून यायची. तेव्हा तुमचं एक पत्र कधी चुकलं नाही. थैली नव्या सब-ऑफिसाला जोडली आणि हे सुरू झालं. म्हणून मी तुझ्या नावानं चार कार्डं टाकली, दर वेळी एकच गोष्ट बदलून. एकावर जुना पिन कोड, दुसऱ्यावर नवा. मला वाटलं, हे सहा आकडे निघून दोनच वर्षं झाली, तिथंच गोंधळ असेल. तिसऱ्यावर तुझ्या वडलांचं नाव घातलं. चौथं सगळं इंग्रजीत.

भिवाजी : आन् चारीबी तिथवर फिरून तुमच्याकडंच. शाळेची घंटा तुमचीच, गावच्या टपालहापिसाचा शिक्काबी तुमचाच, आता पत्रं टाकणारेबी तुमीच. अवो, थैली आणताना तांडा माझ्या वाटेवरच लागतो! हळूच देऊन आलो असतो.

अमृतराव : शेरा मारलेलं पत्र पाठवणाऱ्याकडंच जायला हवं, भिवाजी. रूपा, असं कर, माझ्या पत्त्यावर मागव.

रूपा : अर्जावर तांड्याचा पत्ता गेला. तो बदलायचा तर पुन्हा पत्रच टाकावं लागंल, सोमवारच्या आत पोचत न्हाई. आन् माझं एकटीचं काय? लखमाकाकाचं पोरगं फौजेत हाये. दोन महिने त्याचं पत्र न्हाई, धुरपताकाकूचं जेवणात ध्यान न्हाई. ती पत्रंबी तुमच्याच पत्त्यावर मागवायची का?

अमृतराव : नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे.

भिवाजी : पाचवं कार्ड मोडीत लिहून बघा.

रूपा : पाचवं नको. आधी ही चार नीट बघू, आणा हिकडं. गुरुजी, ही लाल रेघ कशाखाली हाये?

अमृतराव : नावाखाली.

रूपा : कोणाच्या? ‘रूपाबाई’खाली न्हाई. ‘पेमा नाईक’ एवढ्याच खाली. चारीवर बघा. त्याच्यापुढच्या ‘तांडा’ला रेघ शिवली बी न्हाई.

भिवाजी : पेमा नाईक म्हंजे तुझा आजा. तो तर खरंच गेला की, दोन वर्सं झाली.

रूपा : आजा गेला, तांडा न्हाई गेला! ज्या नायकानं वसवला त्याचं नाव तांड्याला. आता नाईक रामसिंग हाये, पण तांडा पेमा नायकाचाच. त्या नव्या सब-ऑफिसातल्या बाबूला वाटून राहिलं, मी पेमा नायकाच्या घरात राहते. घरधनी मेला, पत्र माघारी.

भिवाजी : पण बाबू पडला परगावचा. त्याला काय ठाव तुझा आजा मेला ते? कुणी सांगितलं?

अमृतराव : मी.

रूपा : काय?

अमृतराव : मीच. थैली बदलली तेव्हा त्यांनी यादी मागवली, टपाल येणाऱ्या माणसांची. दोन दिवस बसून केली, रेघा आखून. जुन्या यादीतलं नाव पेमा नाईक, आणि पुढं ‘मयत’. यादी खरी असावी असं वाटलं. तांडा ही वेगळी वस्ती म्हणून लिहायचं मला सुचलंच नाही. बाबूचं काही चुकलं नाही गं. तो माझंच अक्षर वाचतोय.

भिवाजी : अक्षर चांगलं हाये तुमचं. तेच नडलं.

अमृतराव : रूपा, रागाव तरी.

रूपा : रागावायला टाइम न्हाई. यादी दुरुस्त कशी होते ते सांगा.

अमृतराव : अर्ज द्यावा लागेल, माझी चूक झाली असा. पण थैलीतून गेला तर टेबलावर यायलाच मंगळवार उजाडेल.

रूपा : थैलीतून कशाला? दोनची यष्टी हाये. तुमी लिहा, मी येते संगं.

अमृतराव : मला साहेबांपुढं बोलायला सुचत नाही. शब्द अडकतात.

रूपा : तुमी कागद धरा. बोलते मी.

अमृतराव : बरं. लिहितो. ‘पेमा नाईक तांडा हे वस्तीचे नाव आहे, व्यक्तीचे नव्हे. सदर वस्ती...’ पुढं काय घालावं? ‘अस्तित्वात आहे’?

रूपा : ‘नांदती आहे’ लिहा.

(बुधवारी, दुपारची थैली आल्यावर.)

अमृतराव : भिवाजी, लवकर सांगा. तांड्याचं काही?

भिवाजी : तीन हायेत. एक फौजेचं दिसून राहिलं. एक साधं कार्ड. आन् एक नांदेडचा लांब लिफाफा.

रूपा : शेरा?

भिवाजी : कुठंच न्हाई. लाल ठिपका बी न्हाई.

रूपा : द्या काका.

भिवाजी : हितं कसं देऊ? पत्ता तांड्याचा हाये.

रूपा : मी समोर उभी हाये की!

भिवाजी : असशील. गुरुजी, तुमी सांगा हिला.

अमृतराव : तिनं मागितलं तर इथंही देता येतं, भिवाजी. नियमात बसतं. पण... न्या तुम्ही. पत्त्यावरच न्या.

रूपा : दीड कोस हाये काका, आन् केवढं ऊन पडलंय. आत्ताच तिकडून आलात ना?

भिवाजी : दोन महिने झाले, तांड्यावरून खाली मान घालून येऊन राहिलो. तू हो पुढं पोरी, दारात उभी राहा.