वेगळी चूल

हॅनरहन : मग दोरीवर वाळणारे ते शर्ट कुणाचे, ब्रायडीबाई?

ब्रायडी : माझे! या वयात शर्ट घालून नाचते मी. अरे, मॉसीचे, आणखी कुणाचे? आत पडलाय आजारी. तुमच्या भाडेमदतीच्या कचेरीत कळवलंय मी.

हॅनरहन : मॉसी तुमचा नवरा ना?

ब्रायडी : होता. दारूपायी माझ्या आईचं शिवणयंत्र विकलं, त्या दिवशी घराबाहेर काढला. अख्ख्या एनिस गावाला ठाऊक आहे. तुझ्या आईला विचार.

हॅनरहन : आईला सगळंच ठाऊक असतं. पण मला नियमानं विचारावं लागतं. नवरा-बायको म्हणून एकत्र राहत असाल तर त्यांचं आजारपणाचं पेन्शन तुमच्या उत्पन्नात धरायचं. मग भाड्याची मदत बंद.

ब्रायडी : बंद झाली तर घरमालक आम्हाला रस्त्यावर काढील. या मरणाऱ्या माणसाला घेऊन कुठं जाऊ रे मी?

हॅनरहन : म्हणूनच तर विचारतोय. नुसते एका घरात, पण वेगवेगळे राहत असाल तर निम्मं भाडं तुमचं धरतो. मदत थोडी कमी होईल, पण चालू राहील. चूल एक की दोन?

ब्रायडी : दोन. फ्रीजचा वरचा कप्पा माझा, खालचा त्याचा. दूधसुद्धा वेगळं. बघ उघडून.

हॅनरहन : आणि कपडे कोण धुतं?

ब्रायडी : त्याचे तो.

मॉसी : (आतून) हो, हो! मीच धुतो! आत ये की रे, दारातून काय चौकशी करतोस?

(हॅनरहन आतल्या खोलीत जातो. मॉसी उशीला टेकून बसला आहे.)

हॅनरहन : कसे आहात, मॉसी?

मॉसी : डॉक्टर म्हणतात, यंदा नाताळचा हॅम काही तुझ्या नशिबात नाही. बाकी मजेत.

हॅनरहन : हात फार थरथरतायत तुमचे. दाढी मात्र गुळगुळीत.

मॉसी : सराव आहे.

हॅनरहन : मॉसी...

ब्रायडी : मी करते त्याची दाढी! सूपही मीच भरवते. पुरे झालं हे खोटं. इस्पितळानं घरी धाडलं तेव्हा त्याची सख्खी बहीणसुद्धा दार उघडेना. मग मी काय करायचं होतं?

मॉसी : गप्प बस गं बये! अरे, तिचं ऐकू नकोस. हिचा पगार प्यायलो मी. हिच्या बापाच्या मयतीत पिऊन पडलो. असल्या माणसाला कोण नवरा म्हणेल? तूच सांग.

हॅनरहन : सूप भरवलं म्हणून काही संसार होत नाही. पण मला तुमच्या तोंडून ऐकायला हवं, ब्रायडीबाई. हे तुमचे नवरा म्हणून इथं राहतात का?

मॉसी : बोल ना गं.

ब्रायडी : नाही.

हॅनरहन : मग तुमचे कोण?

ब्रायडी : कुणी नाही. खोली वापरतो, एवढंच.

हॅनरहन : झालं तर. मदत चालू राहील. चहा नको, उशीर झालाय. येतो.

मॉसी : गेला?

ब्रायडी : गेला. वळला कोपऱ्यावर.

मॉसी : छान बोललीस.

ब्रायडी : जीभ कशी झडली नाही माझी! तुझ्या तोंडावर म्हटलं रे मी.

मॉसी : घर राहिलं ना? आता आणखी एक ऐक. माझ्या मयतीला सगळं गाव येणार. हा पोरगाही येणार, घरच्यांशी हात मिळवायला. तू चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू नकोस, तो घरच्यांचा असतो.

ब्रायडी : म्हणजे?

मॉसी : तिथं माझी बहीण बसेल. तू मागं बस. नाहीतर ते म्हणतील, बायकोच होती की ही. मग दिलेले पैसेही परत मागतील तुझ्याकडून.

ब्रायडी : देवाघरी कुठं बसायचं तेही आता भाड्यावर ठरायचं का रे?

मॉसी : बसशील ना?

ब्रायडी : बसेन. आणि रडू आलं तर?

मॉसी : शेजारणीही रडतात की गं.