शिट्टी होईपर्यंत

(शेफील्ड. शनिवार सकाळ. शहर दाखवणारी उघड्या टपाची दुमजली बस. जॅनिस वर प्रवाशांमध्ये उभी, कीथ खाली स्टिअरिंगवर. जॅनिसच्या हातात माईक: बटण वर केलं की सगळ्या बसला ऐकू जातं, खाली केलं की फक्त कीथला. कीथचं बोलणं तिच्या कानातल्या इअरफोनमध्ये.)

जॅनिस, खाली — ...म्हणून शेजारीण टोस्ट भाजायला आत गेली. दोन मिनिटं, कीथ. बाहेर येते तर दार सताड उघडं.

कीथ — आणि इंजेक्शन?

जॅनिस, खाली — दिलेलं! तेच तर सांगतेय. बाबांना इन्सुलिन दिलं सव्वानऊला, पोटात अन्नाचा कण नाही. मागच्या वेळी असंच उपाशी राहिले तर दोन तासांत बेशुद्ध. आता दहा वीस झालेत.

कीथ — पोलीस?

जॅनिस, खाली — वर्णन लिहून घेतलं. उंची विचारली. म्हटलं, कोणत्या वर्षीची? दरवर्षी कमी होतायत.

कीथ — तू उतर. मी गाडी टाऊन हॉलपाशी थांबवतो. प्रवाशांना मी सांगतो काहीतरी.

जॅनिस, खाली — तू? तू तर बायकोशीही मान हलवून बोलतोस. आणि उतरून काय करू? पायी किती रस्ते बघणार? इथून वरून सगळं दिसतं. ते जातील अशा सगळ्या जागांवरून ही बस जाते. तू फक्त हळू चालव.

कीथ — अंगात काय आहे त्यांच्या?

जॅनिस, खाली — पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर जॅकेट. पायांत सपाता. कोट नाही. आईची छत्री तेवढी नेलीय, खुंटीवरची.

कीथ — पाऊस तर नाहीये.

जॅनिस, खाली — हे त्यांना जाऊन सांग.

जॅनिस, वर — तर मंडळी, उजव्या हाताला आपला टाऊन हॉल. शिखरावर जो उभा आहे तो व्हल्कन, लोहारांचा देव. आमच्या शहरानं जगाला सुऱ्या-काटे पुरवले, म्हणून तो तिथं. अंगावर कपडा नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. शंभर वर्षांवर तसाच उभा आहे, थंडीवाऱ्यात, कोटाशिवाय... कोटाशिवाय.

कीथ — जॅनिस. पुढे.

जॅनिस, वर — आणि हे विंटर गार्डन. भर शहरात काचेचं घर, आत ताड, नेचे, बाकडी. आत ऊब असते. म्हातारी माणसं इथं येऊन बसतात. डावीकडच्यांनी जरा आत बघा. बाकड्यांवर. कुणी पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत दिसतं का?

टोपीवाली बाई — पट्ट्यापट्ट्यांचं झाड?

जॅनिस, वर — माणूस. म्हणजे... गंमत असते एक. पुतळा आहे. नसला तर नसू दे.

कीथ — काय बोलतेयस तू?

जॅनिस, खाली — मला नाही माहीत मी काय बोलतेय. नाहीत तिथं. एक बाई आणि दोन कबुतरं. चल.

जॅनिस, वर — समोर क्रूसिबल नाट्यगृह. नाटकं वर्षभर होतात, पण वसंतात सतरा दिवस इथं जागतिक स्नूकर. नऊशेऐंशी माणसं श्वास रोखून एका हिरव्या टेबलाकडे बघत बसतात. माझे वडील एकदा ऐन अंतिम सामन्यात खोकले. पंचानं नुसतं वळून बघितलं. त्यानंतर वडील तीन वर्षं खोकला आला की स्वयंपाकघरात जायचे.

जॅनिस, खाली — पायऱ्यांवर नाहीत. तिकीट खिडकीपाशी नाहीत. कीथ, ते एवढे छोटे झालेत, खांबामागे उभे राहिले तर दिसायचेसुद्धा नाहीत.

कीथ — आता ब्रॅमल लेनला निघालो, युनायटेडच्या फुटबॉल मैदानाकडे. तिथंच सापडतील, बघ. युनायटेडचा माणूस आणखी जाणार कुठे?

जॅनिस, खाली — मलाही तेच वाटतंय. साठ वर्षं एकच खुर्ची. तू भरभर घे आता.

कीथ — घेतो. आणि तुझ्यासाठी आज डोळे उघडे ठेवून जातो तिथून.

जॅनिस, खाली — म्हणजे? एरवी मिटून जातोस? गाडी चालवताना?

कीथ — एक डोळा. आम्हा निळ्या वेन्सडे क्लबवाल्यांत युनायटेडच्या मैदानाकडे न बघायची रीतच आहे. माझ्या बापानं जन्मात बेकन खाल्लं नाही, त्यावर युनायटेडसारखे लाल-पांढरे पट्टे असतात म्हणून. मीही खात नाही.

जॅनिस, खाली — माझ्या आईचंही तेच! घरात बेकन शिजू दिलं नाही तिनं. बाबा मागच्या शेडमध्ये स्टोव्हवर तळून खायचे, चोरासारखे. आईला वास यायचा, ती रेडिओ मोठा करायची.

कीथ — वेन्सडेवाली बाई आणि युनायटेडचा पुरुष. एका घरात. कसं निभावलं?

जॅनिस, खाली — बावन्न वर्षं निभावलं. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा शवपेटीवर निळी-पांढरी पट्टी बांधायची होती. बाबांनी स्वतः बांधली. डोळे मिटून.

जॅनिस, वर — हे ब्रॅमल लेन. इथं आधी क्रिकेट खेळायचे, मग फुटबॉल आलं आणि हळूहळू क्रिकेटला बाहेर ढकललं. लाल-पांढऱ्यांचं घर. डावीकडचं मोठं फाटक बघा. ते फाटक नीट बघा, मंडळी.

जॅनिस, बटण खाली केलंय असं समजून, वर — फाटकावरचा बर्नार्ड हात हलवतोय, कीथ. नाही म्हणतोय. नाही आले. मी त्याला फोन केला होता, त्यानं सगळे जिने बघितले. नाहीत. अकराला दहा कमी. दीड तास झाला रे. ते कुठल्या तरी गल्लीत पडले असतील आणि लोक म्हणत असतील, दारुडा आहे, जाऊ द्या. त्यांनी आयुष्यात शनिवारशिवाय कधी घेतली नाही. आणि मी इथं स्नूकर सांगतेय. मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं असतं तर बरं झालं असतं, माझी बहीण म्हणत होती. मीच म्हटलं, नको, शेजारीण आहे. मीच.

कीथ — जॅनिस. बटण.

जॅनिस, वर — काय?

कीथ — बटण वर आहे.

टोपीवाली बाई — ऐकलं आम्ही, बाई. सगळ्यांनी. काय रंगाचा पायजमा म्हणालात?

जॅनिस, वर — ...राखाडी. निळे पट्टे. नाही, निळे कसे असतील, ते निळं घालत नाहीत. तपकिरी. माफ करा. मी... तुमचे पैसे परत मिळतील.

टोपीवाली बाई — पैशांचं राहू द्या. मी ही बाजू बघते, आमचे हे ती बाजू बघतील. यांना जवळचं दिसत नाही, पण लांबचं घारीसारखं दिसतं. नाव काय वडिलांचं?

जॅनिस, वर — हॅरल्ड.

टोपीवाली बाई — आणि हे घ्या, लिकोरिसच्या गोड, रंगीत गोळ्या. पर्समध्येच होत्या. सापडले की आधी हे तोंडात घाला. माझ्या भावालाही साखरेचा आजार होता.

जॅनिस, वर — होता?

टोपीवाली बाई — घ्या तुम्ही. पाकीटच घ्या.

कीथ — केलहॅम आयलंड आलं. म्युझियम. तू म्हणाली होतीस, ते इथं कामाला होते.

जॅनिस, खाली — म्युझियममध्ये नाही. इथून दोन गल्ल्या सोडून कारखाना होता, चाळीस वर्षं सुऱ्यांना धार लावली. कारखाना पाडला. त्यांचा घोडा, म्हणजे ज्यावर बसून धार लावायची ते लाकूड, तेवढं म्युझियमवाल्यांनी नेलं. कधी कधी इथं येऊन त्यावर बसतात. पहारेकरी बसू देतो.

जॅनिस, वर — मंडळी, इथं बारा हजार घोड्यांच्या ताकदीचं वाफेचं इंजिन आहे. आज मी त्याबद्दल सांगणार नाही. दारातला पहारेकरी बघा, त्याला विचारते. ओ! हॅरल्ड आलेत का? हॅरल्ड, धारवाले! ...नाही?

टोपीवाली बाई — नाही म्हणतोय.

जॅनिस, खाली — कीथ.

कीथ — बोल.

जॅनिस, खाली — आता जागाच उरल्या नाहीत.

कीथ — आउलर्टन आहे की. वेन्सडेचं मैदान. आज सामना नाही, रिकामंच असेल, पण शेवटचा थांबा.

जॅनिस, खाली — तो वगळ. गाडी फिरव, परत शहरात चल, मंडईतून ने. आउलर्टनला कशाला वीस मिनिटं घालवायची? बाबा मरतील पण तिथं पाऊल टाकणार नाहीत. आईनं एकदा तिकीट काढून दिलं होतं, तर यांनी ते कुंडीत पुरलं.

कीथ — आई एकटी जायची मॅचला?

जॅनिस, खाली — मावशीबरोबर. दर दुसऱ्या शनिवारी. बाबा त्या दिवशी त्यांच्या भाजीच्या वाफ्यावर जायचे, हट्टानं. येताना कधी एक मुळाही आणला नाही. तू फिरव ना गाडी!

कीथ — फिरवतो, पुढच्या चौकात. इथं ट्रामचे रूळ आहेत. ...कुंडीत पुरलं म्हणे. आमच्याकडेही असे नग होते. एक म्हातारा यायचा. सामना सुरू झाला की नदीवरच्या छोट्या पुलावर येऊन उभा राहायचा, मैदानाकडे पाठ करून. पाठ करून, बरं का! गळ्यात लाल-पांढरा टाय. आम्ही पोरं ओरडायचो, आजोबा, वळा, गोल झाला! तो ढिम्म. पावसात नव्वद मिनिटं. हातात छत्री असायची तीही उघडायचा नाही, बायकी छत्री, फुलाफुलांची...

जॅनिस, खाली — काय म्हणालास?

कीथ — टाय. लाल-पांढरा.

जॅनिस, खाली — छत्री.

कीथ — फुलाफुलांची. पिवळी. ...जॅनिस?

जॅनिस, खाली — दांडा कसला होता?

कीथ — मी कशाला दांडा... बदकाचं डोकं. बदकाचं डोकं होतं दांड्याला, आम्ही त्यावरून चिडवायचो. अरे देवा.

जॅनिस, खाली — फिरवू नकोस.

कीथ — नाही फिरवत. धर घट्ट.

जॅनिस, वर — मंडळी, सगळ्यांनी खाली बसा. दांड्याला धरा. ड्रायव्हर आता नियम मोडणार आहे.

टोपीवाली बाई — मोडू द्या!

जॅनिस, खाली — वाफ्यावर नव्हतेच ते. बूट कधी चिखलानं भरले नाहीत. आई म्हणायची, तुझे बाबा किती नीटनेटके. तिला माहीत होतं, कीथ. दोघांनाही माहीत होतं. मलाच नाही.

कीथ — मी त्यांना चिडवायचो ग.

जॅनिस, खाली — नंतर रड. सिग्नल.

कीथ — बघितला.

जॅनिस, खाली — लाल होता.

कीथ — म्हणूनच नाही थांबलो. लाल रंगासाठी मी थांबत नाही.

टोपीवाली बाई — बाई! आमचे हे म्हणतायत, पुलावर पिवळं काहीतरी आहे. कठड्याला टेकून.

जॅनिस, वर — उभे आहेत का? उभे आहेत का, विचारा ना त्यांना!

टोपीवाली बाई — म्हणतायत, अर्धवट.

जॅनिस, खाली — थांबव. कीथ, इथंच. मधोमध थांबव.

जॅनिस, माईकशिवाय — बाबा! बाबा, बसा. खाली बसा, माझ्या अंगावर रेला. किती घाम आलाय. हे घ्या, तोंड उघडा.

हॅरल्ड — हळू बोल. ऐकू यायचं नाही.

जॅनिस, माईकशिवाय — काय ऐकू यायचं नाही?

हॅरल्ड — सामना संपल्याची शिट्टी. ...तू जॅनिस ना? मग आई कुणाबरोबर गेली आत?

जॅनिस, माईकशिवाय — मावशीबरोबर. ही गोळी घ्या.

हॅरल्ड — ह्या तिच्या आवडीच्या. तिच्यासाठी ठेव.

जॅनिस, माईकशिवाय — तिच्यासाठी पाकीटभर आहेत. ही तुमची. गुलाबी. चावा, बाबा. माझ्या गळ्याची शपथ, चावा.

हॅरल्ड — तिला सांगू नकोस मी इथं असतो म्हणून. तिला वाटतं मी वाफ्यावर आहे.

जॅनिस, माईकशिवाय — नाही सांगणार. अजून एक.

हॅरल्ड — किती राहिली?

जॅनिस, माईकशिवाय — काय?

हॅरल्ड — मिनिटं. घड्याळ तुझ्या हातात आहे.

कीथ — जॅनिस, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केलाय. दहा मिनिटं म्हणालेत. माझ्या डब्यात जॅम सँडविच आहे, हे घे.

हॅरल्ड — हा कोण? निळ्यांचा दिसतोय.

कीथ — हो, आजोबा. निळ्यांचाच.

हॅरल्ड — हरताय का?

कीथ — हरतोय, आजोबा. वाईट हरतोय.

हॅरल्ड — मग ती आज घरी गप्प बसेल. ...किती राहिली म्हणालीस?

जॅनिस, माईकशिवाय — दहा. दहा मिनिटं, बाबा. तोवर हे सँडविच संपवायचं.

हॅरल्ड — आणि तू तिकडे काय बघतेस? पाठ कर. आपल्यातलं कुणी तिकडे बघत नाही.

जॅनिस, माईकशिवाय — केली. ही बघा, केली पाठ. घास गिळा.

हॅरल्ड — छत्री धर जरा. सँडविच धरायचंय. उघडू नकोस, तिची आहे.

कीथ — माईक दे मला.

जॅनिस, माईकशिवाय — तू बोलणार?

कीथ, वर — मंडळी, मी ड्रायव्हर. सामना संपेपर्यंत गाडी इथंच थांबेल.