मागच्या सीटपर्यंत

हेल्मेटची काच बदलून मिळेपर्यंत ती कडेवरचं बाळ थोपटत दुकानात उभी होती. पुढे काउंटरपाशी एक वयस्कर जोडपं हेल्मेटात बसवायचा, गाडीवर एकमेकांशी बोलायचा संच बघत होतं.

"हा घ्या काका. एक किलोमीटरवरूनही ऐकू येतं."

"अहो, ही माझ्या मागच्या सीटवरच असते. तिथवर पोचलं तरी पुष्कळ झालं."

"गाणीपण लागतात."

"गाणी नकोत. हिला जागं ठेवायचंय. पाठीवर डोकं टेकते नि झोपते. एखाद दिवशी पडेल, मला पत्ताही लागायचा नाही."

"झोपत नाही मी."

"मग हाक मारली तर ओ का देत नाहीस?"

"डोळे गच्च मिटून बसलेली असते."

"ते कशाला?"

"त्या वळणावर घसरलात ना तुम्ही, तेव्हापासून वळण आलं की बघवतच नाही मला."

"मग सांगायचंस ना, बाई!"

"काय सांगू? किती हौसेनं पुन्हा चालवायला लागलात. म्हटलं, कशाला विरस करा."

दुकानदारानं दोघांना हेल्मेटं चढवली आणि बाकावर पुढेमागे बसवलं.

"येतंय का ऐकू?"

"येतंय. ओरडू नका."

"मग बोल की. वळण आलंय समज."

बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला.

"हळू घ्या ना हो," मागे बसलेल्या काकू म्हणाल्या.

"हे बघ, घेतली हळू. आता डोळे उघड."