पेकिंगच्या बसमधला रुमाल

हसा लेको, पण अंबडच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली खोड मी पेकिंगमध्येबी दाखवल्ती! सत्त्याहत्तरला मी तिथं वकिलातीतल्या एका साहेबाकडं स्वयंपाकाला होतो. भाजी घेऊन परतताना बस आली, टाकला रुमाल. मी चढायच्या आत बस निघून गेली, रुमालासकट.

दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर तीच बस. आत माणसं दाटीवाटीनं उभी, अन् खिडकीजवळची एकच जागा रिकामी. तिच्यावर माझा रुमाल, धुऊन घडी घातलेला. कंडक्टर बाईनं हातानं खुणावलं, बसा. बसलो. कुणी बोललं न्हाई, कुणी बघितलंबी न्हाई. कुठं उतरायचं ते मी सांगितलंच नव्हतं, तरी बाईनं बस बराबर आमच्या फाटकापुढं थांबवली.

साहेबाला सांगितलं. ते हळूच म्हणाले, "रुमाल आणलास का?"

"न्हाई साहेब. घाबरून उतरलो, तिथंच राह्यला."

साहेबांनी पडदा ओढला. "मंग उद्यापासून पायी जा."

तिसऱ्या दिवशी पायी निघालो. मागून बस आली अन् माझ्या चालीनं शेजारून चालू लागली. मी मान वळवली. खिडकीत रुमाल होता, माझी जागा धरून.